फोनवरची ऑर्डर आणि बांधलेले हात

पत्र (थोडं संक्षिप्त करून): मी एका खासगी मनोरुग्णालयात चार वर्षं स्टाफ नर्स आहे. परवाच्या नाईटला पुरुष वॉर्डात २६ पेशंट, मी आणि एक वॉर्डबॉय. त्यात २४ वर्षांचा एक मुलगा, स्वतःच्या सहीने दाखल झालेला, तिसरा दिवस. संध्याकाळी त्याला हॅलोपेरिडॉलचं (मनोविकारावरच्या, शांत करणाऱ्या औषधाचं) इंजेक्शन झालं होतं. रात्री पावणेदोनला उठून तो येरझाऱ्या घालू लागला, दारावर थापा मारून ‘मला सोडा, घरी जायचंय’ असं ओरडू लागला. त्याने कुणाला मारलं नाही, पण बाकीचे पेशंट उठले. सरांना फोन केला. ते म्हणाले, ‘तेच इंजेक्शन रिपीट करा आणि सकाळपर्यंत बांधून ठेवा.’ आम्ही गॉझ बँडेजने हातपाय बांधले, सकाळी साडेसहाला सोडले. आता मनगटावर वळ आहेत आणि अंगठ्याच्या पाठीवर मुंग्या येतात, बधिर वाटतं असं तो म्हणतो. नोट्समध्ये मी ‘पेशंट रेस्टलेस, इंजेक्शन दिलं, झोपला’ एवढंच लिहिलं. बांधल्याचं आमच्याकडे कुणी लिहीत नाही. त्याच्या भावाने वळ पाहिले आणि जाब विचारला. हाच भाऊ आधी म्हणत होता, ‘सोडू नका, ऐकत नसेल तर चहातून औषध द्या.’ मुलगा अजून वॉर्डातच आहे. माझ्या हातून गुन्हा झाला का? आता खरं लिहिलं तर मी अडकेन का? आणि डॉक्टरांनी सांगितलेलं नाकारायचं तरी कसं?

उत्तर:

सिस्टर,

कायद्याकडे वळण्याआधी दोन कामं आजच करायची आहेत.

पहिलं, त्याचा हात. मनगटावर पट्टी आवळली गेली की अंगठ्याच्या मुळाशी कातडीलगत जाणारी संवेदनेची नस हाडावर दाबली जाते. ही रेडिअल नर्व्हची वरवरची फांदी. घट्ट बेड्या घातलेल्या माणसांत हीच दुखावते. तुम्ही लिहिलेली लक्षणं तिचीच वाटतात. बहुतेकदा ती काही आठवड्यांत भरून येते, पण ते पत्रावरून ठरवता येत नाही. डॉक्टरांकडून हात तपासून घ्या: कापसाचा स्पर्श दोन्ही हातांना सारखा कळतो का, मनगट वर उचलता येतं का, अंगठा आणि बोटं ताठ होतात का. मनगट खाली लोंबत असेल तर नस वर दंडाजवळ दाबली गेलेली असू शकते, आणि ते जास्त गंभीर. पायही बघा. गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूला, हाडाच्या उंचवट्यावर दाब पडला असेल तर पाऊल वर उचलताना अडतं. वळांची जागा आणि लांबी केस पेपरवर लिहिली गेली पाहिजे. फोटो काढायचा तर त्याच्या लेखी परवानगीने आणि रुग्णालयाच्या रेकॉर्डसाठीच. स्वतःच्या मोबाइलवर अजिबात नको.

दुसरं काम तुम्ही विचारलेलंच नाही, पण मला तेच सर्वांत तातडीचं वाटतं. हा मुलगा आज कोणत्या कलमाखाली आत आहे? मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ मध्ये स्वतःच्या सहीने दाखल झालेला माणूस म्हणजे कलम ८६ खालचा स्वतंत्र रुग्ण. त्याने जायचं म्हटलं की कलम ८८ प्रमाणे त्याला लगेच सोडायचं असतं. अपवाद एकच. तो आपल्या निर्णयाचा अर्थ समजण्याच्या अवस्थेत नसेल आणि त्याला नामनिर्देशित प्रतिनिधीच्या, म्हणजे निर्णयात मदत करायला कायद्याने मानलेल्या माणसाच्या, मोठ्या आधाराची गरज असेल, किंवा त्याने नुकतीच स्वतःला इजा करण्याची धमकी दिली असेल वा प्रयत्न केला असेल, किंवा तो दुसऱ्याशी हिंसक वागला असेल वा त्याच्यामुळे दुसऱ्याला इजेची भीती वाटली असेल, किंवा स्वतःची काळजी घेणं त्याला इतकं जमत नसेल की त्याला इजा होण्याचा धोका असावा, तर मानसिक आरोग्य व्यावसायिक त्याचा डिस्चार्ज फार तर २४ तास थांबवू शकतो. तेही तपासणीसाठी. त्या २४ तासांत एक तर कलम ८९ खाली आधारासह दाखल करायचं, नाहीतर सोडायचं. कलम ८९ साठी प्रतिनिधीचा अर्ज लागतो आणि दोन जणांनी त्याची स्वतंत्रपणे केलेली तपासणी लागते. त्यातला एक मनोविकारतज्ज्ञ असावाच लागतो.

पावणेदोनला ‘मला घरी जायचंय’ हे ओरडून म्हटलं काय किंवा अर्ज लिहून दिला काय, मागणी ती मागणीच. तिला आता २४ तासांहून जास्त झाले. केस पेपर उघडा. मधल्या काळात शांतपणे बोलल्यावर तो स्वतःहून राहायला तयार झाला असेल, तर ते त्याच्या शब्दांत, वेळेसह नोंदलेलं आहे का? नसेल तर कलम ८९ चे कागद आहेत का? दोन्ही नसेल तर तो या घडीला बेकायदा डांबलेला आहे, आणि हे मेडिकल ऑफिसरच्या कानावर आज, लेखी घालायला हवं. बांधणं सकाळी साडेसहाला संपलं, हे मात्र अजून चालू आहे.

आता तुमचा प्रश्न. कोर्ट काय ठरवेल हे मी सांगू शकत नाही, पण तुम्ही लिहिलेली हकीकत रुग्णाला बांधण्याबद्दलच्या कलम ९७ मध्ये बसत नाही. त्या कलमाला दोन गोष्टी एकत्र लागतात: होऊ घातलेली तत्काळ इजा टाळायला बांधण्यावाचून दुसरा उपाय उरलेला नसणं, आणि त्याच्यावर उपचार करणाऱ्या मनोविकारतज्ज्ञाची मंजुरी. तुमच्याकडे दुसरी होती, पहिली नव्हती. दारावर थापा मारणं म्हणजे इजा नव्हे. इतरांची झोपमोड हा खरा त्रास आहे, पण तीही इजा नव्हे. शिवाय निव्वळ माणसं कमी आहेत म्हणून, किंवा शिक्षा वा धाक म्हणून बांधायला हेच कलम नाव घेऊन मनाई करतं. आणि ‘सकाळपर्यंत’ ही मुदत तर कलमाच्या मुळाशीच विसंगत आहे. जेवढा वेळ अगदी गरजेचं तेवढाच वेळ, असं कायदा सांगतो. घड्याळाकडे बघून ठरवलेली सुटका त्यात येत नाही.

दुसऱ्या इंजेक्शनबद्दल तुम्ही काही विचारलं नाहीत, पण तोही वेगळा प्रश्न आहे. स्वतंत्र रुग्णाला त्याच्या माहितीपूर्ण संमतीशिवाय उपचार देता येत नाहीत. कलम ९४ खालचा आणीबाणीचा उपचार जीव वाचवायला, गंभीर इजा टाळायला, किंवा आजारामुळे होणारं मालमत्तेचं मोठं नुकसान रोखायला असतो. प्रतिनिधी उपलब्ध असेल तर त्याची संमती घ्यायची, आणि मुदत जास्तीत जास्त ७२ तास. त्या रात्री त्याला विचारलं गेलं होतं का? उत्तर ‘नाही’ असेल तर तेही नोंदीत आलं पाहिजे.

कायद्याचा भंग पहिल्यांदा झाला तर कलम १०८ मध्ये सहा महिन्यांपर्यंत कैद, दहा हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही अशी तरतूद आहे. घाबरवायला हे सांगत नाही. ‘सरांनी सांगितलं’ हे वाक्य तुमची बाजू थोडी हलकी करेल, पुसून टाकणार नाही, एवढंच सांगायचं आहे. गाठ मारणारे हात तुमचे होते, आणि त्या वेळी त्याला डोळ्यांनी पाहणारी प्रशिक्षित व्यक्ती तुम्ही एकट्याच होतात. फोनवरच्या माणसाला थापा ऐकू येतात, चेहरा दिसत नाही.

तो चेहरा काय सांगत असेल, याचा विचार करू. हॅलोपेरिडॉलनंतर काही तासांत येरझाऱ्या सुरू झाल्या, हे वाचून मनात पहिलं नाव येतं ते अकॅथिसियाचं. आतून अशी बेचैनी उठते की पाय एका जागी ठरत नाहीत. बसलं की उठावंसं वाटतं, उभं राहिलं की एका पायावरून दुसऱ्यावर भार टाकत राहावं लागतं. बाहेरून हे हुबेहूब ‘पेशंट अजिटेट झाला’ असं दिसतं, आणि मग ज्या औषधाने ते झालं तेच पुन्हा दिलं जातं. चालल्यानेच ज्याला जरा बरं वाटतं, त्याला हातपाय बांधून चार तास पाठीवर निजवणं किती क्रूर आहे, हे निराळं सांगायला नको. त्याला अकॅथिसियाच होता असं मी पत्रावरून म्हणत नाही. पण विचारून पाहायला दोन मिनिटं लागली असती: ‘बेचैनी मनात आहे की पायात? बसून राहता येतं का? इंजेक्शनच्या आधी असं होत होतं का?’ उत्तरं तशी आली तर सरांना सांगायचं वाक्यच बदलतं. ‘पेशंट ऐकत नाहीये’ याऐवजी ‘इंजेक्शननंतर अकॅथिसिया वाटतोय, तेच रिपीट करायचं का?’ असं विचारलं की चांगला डॉक्टर थांबतो. डोस कमी करायचा, औषध बदलायचं, की प्रोप्रॅनोलॉल वा बेंझोडायझेपिन द्यायचं, हा त्यांचा निर्णय. दमा आहे का, नाडी किती, बीपी किती, हे तुम्ही हाताशी ठेवायचं.

दुसरी शक्यता तिसऱ्या दिवसामुळे मनात येते. तो रोज दारू घेणारा असेल तर शेवटच्या पेगनंतर दोन ते चार दिवसांत डिलिरियम, म्हणजे भान हरपून होणारा गोंधळ, सुरू होऊ शकतो. हाताला कंप, घाम, नाडी जलद, तारीख-जागा सांगता न येणं, भिंतीवर नसलेल्या गोष्टी दिसणं. तिथे नुसतं हॅलोपेरिडॉल उपयोगाचं नाही, उलट झटके येण्याचा धोका वाढतो. म्हणून रात्री कुणीही अचानक बिथरलं की फोन उचलण्याआधी ताप, नाडी, बीपी, ऑक्सिजन आणि ग्लुकोमीटरवर साखर बघायची. लघवी तुंबली आहे का हेही विचारायचं, कारण प्रोमेथाझिनसारखी औषधं ती अडवतात आणि फुगलेल्या मूत्राशयाचा माणूस ओरडतोच. रुग्ण हात लावू देत नसेल तर ‘तपासू दिलं नाही, श्वास मिनिटाला इतका, बोलणं सुसंगत’ असं डोळ्यांनी पाहिलेलं तरी लिहा.

बोलून शांत करण्याचंही तंत्र आहे. एकानेच बोलायचं, वॉर्डबॉयने मागून ‘गप बस रे’ म्हटलं की सगळं मुसळ केरात. दोन हातांचं अंतर, समोरासमोर न उभं राहता किंचित तिरकं, दार त्याच्या आणि तुमच्या दोघांच्याही आवाक्यात. आपला आवाज त्याच्यापेक्षा खाली. आणि खोटं आश्वासन नाही. ‘सकाळी सोडतो’ असं म्हणून सकाळी न सोडणं ही पुढच्या हाणामारीची पायाभरणी. त्याऐवजी: ‘तुम्ही घरी जायचं म्हणताय, ते मी आत्ता वेळ घालून लिहिते. डॉक्टरांना बोलावते. तोवर व्हरांड्यात चालायचंय का?’ तुमच्या पत्रातल्या त्या रात्रीला कदाचित एवढंच पुरलं असतं.

तरीही अशी वेळ येते की खरोखर दुसरा मार्ग उरत नाही. कुणी काच घेऊन स्वतःच्या गळ्याशी नेतो, कुणी शेजारच्याचा गळा धरतो. तेव्हा बांधणं हा तातडीचा उपचार असतो, आणि तो नीट करावा लागतो. पाच माणसं लागतात: प्रत्येक हातापायाला एक आणि डोक्याशी एक. डोक्याशी असलेल्यानेच रुग्णाशी बोलत राहायचं आणि श्वासावर नजर ठेवायची. दोघांनी चार हातपाय धरायचे प्रयत्न केले की कुणीतरी छातीवर बसतो, आणि मृत्यू तिथेच होतात. पालथं कधीही निजवायचं नाही. पोट दबलं की श्वासपटल हलत नाही. झटापटीने आधीच ऑक्सिजन जास्त लागत असतो, त्यात गुंगीचं इंजेक्शन पडतं, आणि ‘शांत झाला’ असं वाटतं तो क्षण श्वास थांबल्याचा असू शकतो. पाठीवर निजवून डोक्याकडची बाजू साधारण ३० अंश उचला, म्हणजे उलटी श्वासनलिकेत जाण्याचा धोका कमी होतो. मान, छाती, पाठ यांवर कुणाचाही भार नको, तोंडावर टॉवेल नको.

गॉझ बँडेज हे बांधायचं साधनच नव्हे. ओढलं की दोरीसारखं बारीक होतं आणि कातडीत रुततं. तुमच्या पेशंटच्या मनगटावरचे वळ त्याचेच. रुंद, आत मऊ अस्तर असलेले कफ हवेत, बांधल्यावर कफ आणि कातडी यांच्यात दोन बोटं जायला हवीत. टोक खाटेच्या चौकटीला, बाजूच्या हलत्या कठड्याला नाही. कठडा खाली केला की खांदा ओढला जातो. गाठ एका झटक्यात सुटणारी आणि रुग्णाच्या हाताला न लागणारी. कात्री जवळ. ही शेवटची गोष्ट अनावश्यक वाटेल, म्हणून आठवण करून देतो: ६ ऑगस्ट २००१ ला तामिळनाडूत एरवाडीला एका खासगी निवासात आग लागली तेव्हा साखळदंडांनी बांधलेल्या २८ जणांचा जीव गेला. साखळीने बांधायला २०१७ च्या कायद्याचं कलम ९५ कोणत्याही स्वरूपात मनाई करतं. पण साखळी नसून पट्टी असली, वॉर्डाला कुलूप असलं आणि सोडवणारा माणूस नसला, तर बांधलेल्या माणसासाठी आग तीच.

बांधल्यावर त्याच्याजवळ माणूस हवा. कायदा ‘वैद्यकीय कर्मचाऱ्यांची सतत देखरेख’ म्हणतो. मिनिटं तो ठरवून देत नाही, ती आपल्या कामाच्या शिस्तीतून येतात. दर १५ मिनिटांनी श्वास, शुद्ध, बोटांचा रंग आणि ऊब. नख दाबून सोडल्यावर दोन सेकंदांत रंग परततो का ते. इंजेक्शन दिलेलं असेल तर पहिला तासभर नाडी, बीपी, ऑक्सिजनही दर १५ मिनिटांनी. श्वास मिनिटाला १० च्या खाली गेला, ऑक्सिजन ९४ च्या खाली उतरला किंवा हाक मारून जाग येत नसेल तर फोन नको, डॉक्टर समोर हवेत. ओलान्झापिनचं इंजेक्शन दिलं असेल तर त्याच्या जोडीला लोराझेपामचं इंजेक्शन देऊ नका; दोन्ही मिळून श्वास आणि बीपी खाली नेतात. तरुण मुलांत हॅलोपेरिडॉलनंतर मान एका बाजूला आवळणं, जीभ बाहेर येणं, डोळे वर चढणं होतं. ते नाटक नसतं, डिस्टोनिया (औषधामुळे स्नायू आवळणं) असतो, आणि त्यावरच्या वेगळ्या इंजेक्शनने काही मिनिटांत उतरतो. दर दोन तासांनी एकेक हातपाय सोडून हलवायचा, पाणी, लघवी. आणि प्रत्येक फेरीला एकच प्रश्न स्वतःला: आत्ता, या क्षणी, हे अजून लागतं का? नाही म्हणजे सोडायचं. सोडण्यासाठी सकाळची वाट बघावी लागत नाही.

एकट्याला कोंडणं तर सुरूच करू नका. एकांत-कोठडी कायद्याने पूर्ण बंद आहे, तिला ‘शांतता कक्ष’ म्हटलं तरी.

आता नोंद. कलम ९७ प्रमाणे बांधण्याची पद्धत, कारण आणि मुदत लगेच केस पेपरवर यायला हवी होती, नामनिर्देशित प्रतिनिधीला २४ तासांत कळवायला हवं होतं, आणि ती घटना मानसिक आरोग्य पुनर्विलोकन मंडळाला जाणाऱ्या मासिक अहवालात यायला हवी. ‘आमच्याकडे कुणी लिहीत नाही’ याचा अर्थ मंडळाकडे तुमच्या रुग्णालयाचा अहवाल कोरा किंवा खोटा जातो आहे. तो रुग्णालयाच्या प्रमुखांचा प्रश्न, पण त्याची पहिली कडी तुमची ओळ.

उशिरा लिहिलेली खरी नोंद चालते, मागच्या तारखेची चालत नाही. जुनी ओळ खोडायची नाही, तिच्या शेजारी कोंबायचं नाही, पान बदलायचं नाही, व्हाइटनर तर नाहीच. जिथे आज नोट्स चालू आहेत तिथे, आजची वेळ घालून असं काहीतरी लिहा:

‘वेळ १६:२०. उशिराची नोंद, परवाच्या रात्रपाळीबद्दल. ०१:४५ ला रुग्ण उठून येरझाऱ्या घालू लागला, दारावर हाताने थापा मारल्या. शब्द: “मला सोडा, घरी जायचंय.” कुणाला मारलं नाही, स्वतःला इजा केली नाही. डॉक्टरांना फोन केला. तोंडी सूचना: “तेच इंजेक्शन रिपीट करा, सकाळपर्यंत बांधून ठेवा.” त्यांनी समक्ष पाहिलं नाही. औषध, डोस, मार्ग, वेळ. दोन्ही मनगटं व घोटे गॉझ बँडेजने खाटेला बांधले, मी व एक वॉर्डबॉय. ०६:३० ला सोडले. मधल्या वेळेतल्या तपासण्यांची नोंद नाही. मनगटांवर वळ, अंगठ्याच्या पाठीवर बधिरपणा सांगतो. त्या वेळच्या नोंदीत बांधल्याचा उल्लेख माझ्याकडून राहिला.’ खाली पूर्ण नाव, नोंदणी क्रमांक, सही.

बघा, त्यात ‘आक्रमक’, ‘बेफाम’, ‘ऐकत नव्हता’ यातलं काही नाही. ते आपले निष्कर्ष. ‘दारावर थापा’ हे दिसलेलं. मधल्या वेळी तुम्ही त्याला बघायला गेला असाल आणि वेळ आठवत नसेल, तर ‘अंदाजे दोनदा पाहिलं, वेळ आठवत नाही’ असंच. १५-१५ मिनिटांचा तक्ता आता बसून भरलात तर तो सर्वांत आधी पकडला जातो, कारण त्याच वेळी तुमच्या सहीने दुसऱ्या पेशंटचं इंजेक्शन किंवा सलाईन नोंदलेलं असतं.

अडकाल का? वळ भावाने पाहिलेत. नोंद नाही, हे कोणत्याही चौकशीत पहिल्या दहा मिनिटांत दिसेल. लपवलेली गोष्ट सापडणं आणि तुम्ही स्वतः दोन दिवसांत लिहिणं, यात जमीन-अस्मानाचा फरक आहे. इन्चार्ज सिस्टरना लेखी कळवा आणि पोचपावती घ्या. वॉर्डबॉयसोबत ‘काय सांगायचं’ हे ठरवू नका. चौकशीत किंवा पोलिसांपुढे जबाब द्यायची वेळ आली तर आधी स्वतःचा वकील गाठा, रुग्णालयाचा नाही. दोघांचं हित तिथे एक नसतं. पण केस पेपरवरची नोंद म्हणजे जबाब नव्हे, ती त्या मुलाच्या उपचाराचा भाग आहे. त्याचा बधिर अंगठा उद्या तपासणाऱ्या डॉक्टरला तो कशाने बधिर झाला हे कळलंच पाहिजे.

भावाबद्दल. प्रतिनिधी कोण, हे तो मुलगा साध्या कागदावर सही करून स्वतः ठरवू शकतो. त्याने कुणाला नेमलं नसेल आणि आगाऊ निर्देशातही (आजारपणात आपले उपचार कसे व्हावेत हे आधीच लिहून ठेवलेल्या कागदातही) कुणाचं नाव नसेल, तरच नातेवाईक म्हणून भाऊ त्या जागी येतो. तसा येत असेल तर बांधल्याचं त्याला कळायलाच हवं होतं. आज सांगा, आणि उशीर झाल्याचंही लिहा. त्या जागी नसेल तर आधी मुलाला विचारा. पण भाऊ प्रतिनिधी असला तरी स्वतंत्र रुग्णाला ‘सोडू नका’ म्हणण्याचा अधिकार त्याला मिळत नाही.

चहातून औषध द्यायचं नाही. संमती नाही हे कारण पुरेसं आहेच, पण औषधशास्त्रही विरुद्ध आहे. रिस्पेरिडॉनचे थेंब चहात किंवा कोलात मिसळता येत नाहीत. लिथियम किंवा व्हॅल्प्रोएटची हळूहळू विरघळणारी गोळी कुटली की दिवसभराचा डोस एकदम सुटतो. आणि आपण काय घेतोय हेच माहीत नसलेला माणूस घरी जाऊन उलट्या-जुलाब झाले तरी लिथियम चालू ठेवतो, त्याला विषबाधा होते आणि कुणाला कारण कळत नाही. भावाला हे एवढं सांगा. त्यालाही भीती वाटत असते, तो खलनायक नाही.

नाकारायचं कसं, हे आता. फोनवर ‘मी करणार नाही’ असं म्हणून वाद होतो, काम होत नाही. त्याऐवजी पाच वाक्यं, याच क्रमाने: ‘सर, रुग्ण ८६ खालचा आहे, त्याने १:४५ ला डिस्चार्ज मागितला. आत्ता कुणाला इजा करत नाहीये, नाडी इतकी, साखर इतकी. इंजेक्शननंतर बेचैनी वाढली, अकॅथिसिया असू शकेल. तुम्ही किंवा आरएमओ (निवासी वैद्यकीय अधिकारी) येऊन बघाल का? थांबवायचं तर ८८ खालचं कारण लिहून लागेल.’ यात नकार कुठेच नाही, पण बांधण्याची ऑर्डर आता कारणाशिवाय उभी राहत नाही. तरीही ‘बांधा’च म्हटलं तर: ‘सर, ९७ ची अट मला दिसत नाहीये, म्हणून मी बांधत नाही. त्याच्याजवळ थांबते, तुमची सूचना आणि माझं कारण लिहिते.’ मग मेट्रन किंवा नाईट सुपरवायझरना फोन. फोनवरची कुठलीही ऑर्डर ऐकल्यावर परत वाचून दाखवा, वेळ लिहा, आणि सकाळी सही घ्या. ‘गरज पडल्यास बांधणे’ अशी आधीच लिहून ठेवलेली ऑर्डर घेऊच नका. गरज कोणती हे कायद्याने त्या क्षणावर सोपवलं आहे.

२६ पेशंटना एक सिस्टर, हा अन्याय तुमच्यावरही आहे. तोही कागदावर आणा. प्रत्येक नाईटच्या ओव्हरमध्ये (पाळी सोपवतानाच्या नोंदीत) एक ओळ: पेशंट किती, स्टाफ किती, किती जणांवर विशेष नजर. महिन्याच्या शेवटी त्या आकड्यांसह मेट्रनना पत्र. तोंडी तक्रार हवेत विरते, तीस ओळींची यादी फाइलमध्ये राहते.

आणि त्या मुलाशी बोला. आज, बसून, तो राहत असला किंवा निघत असला तरी. त्या रात्री बांधायला नको होतं, हे स्पष्ट शब्दांत सांगा. तो तुमच्या प्रमुखांकडे तक्रार करू शकतो, समाधान नाही झालं तर मंडळाकडे जाऊ शकतो, आणि त्याला मोफत कायदेशीर मदत मिळते, हे सांगणं रुग्णालयाचं कर्तव्य आहे. मोबाइल काढून घेतला असेल तर परत द्या. लिहायचं असेल तर कागद-पेन द्या, उजव्या हाताने जमत नसेल तर तो सांगेल तसं लिहून घ्यायला त्याच्या पसंतीचा माणूस बोलवा. तुम्ही स्वतः ते लिहून घेऊ नका.